पडणारे दात आणि राहणारे नुकसान

‘दुधाचेच दात, पडणारच आहेत.’ मुलाचा दात किडला की घरोघरी हे ऐकू येते. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात, हे खरे. पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. चौथ्या वर्षी दाढ किडली तर त्या मुलाने पुढची सहा वर्षे चावायचे कशाने? ती वेळेआधी काढली तर शेजारच्या दाढा रिकाम्या जागेत सरकतात आणि खालून येणाऱ्या पक्क्या दाताची वाट अडते.

हा आजार घडतो कसा, हे आता गूढ राहिलेले नाही. स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स हा त्यातला मुख्य जंतू 1924 साली लंडनमध्ये क्लार्क यांनी किडलेल्या दातांतून वेगळा केला. तो बाळाकडे बहुधा आईकडून किंवा सांभाळणाऱ्यांकडून येतो; म्हणून गरोदरपणातच आईने आपले किडलेले दात दाखवून घेतलेले बरे. हा जंतू साखरेपासून दातावर चिकट थर धरतो आणि आम्ल तयार करतो. आम्लता वाढून पीएच साधारण 5.5 च्या खाली गेला की दाताच्या कवचातले कॅल्शियम विरघळू लागते. लाळ ही झीज भरून काढते, पण तिला अर्धा-पाऊण तास तरी लागतो.

म्हणूनच साखर किती खाल्ली याइतकेच, किती वेळा खाल्ली हेही महत्त्वाचे. स्वीडनमध्ये व्हिपेहोल्म येथे 1940 च्या दशकात मतिमंद रुग्णांवर प्रयोग झाले. त्यांची संमती कुणी घेतली नव्हती, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. निष्कर्ष मात्र स्पष्ट होता: जेवणासोबतच्या साखरेने कीड फारशी वाढली नाही, मधल्या वेळच्या चिकट टॉफींनी झपाट्याने वाढली. आपल्याकडे सकाळी चहा-बिस्कीट, डब्यात क्रीमचे बिस्कीट, शाळेतून आल्यावर साखर घातलेले दूध, रडले की चॉकलेट. लाळेला उसंत मिळतच नाही. सर्वांत घातक म्हणजे तोंडात गोड दुधाची बाटली देऊन झोपवणे, कारण झोपेत लाळ जवळजवळ थांबते.

मुलाचा वरचा ओठ उजेडात उचलून पाहा. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली, तर कीड सुरू झाली आहे. या टप्प्यावर ती थोपवता येते: मधले गोड बंद, रात्री घासल्यावर फक्त पाणी, फ्लोराइडची पेस्ट. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट पुरे, आणि सात-आठ वर्षांपर्यंत दात मोठ्या माणसानेच घासून द्यावेत. यवतमाळ, चंद्रपूरच्या काही गावांत पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. तिथे दंतवैद्याला विचारूनच पेस्ट निवडावी. ती रेघ तपकिरी होऊन खड्डा पडला, की तो आपोआप भरत नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत दातांची कीड आहे आणि त्याचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येणे अपेक्षित आहे. पण दोन भेटींमधल्या महिन्यांत पांढऱ्या रेघेचा खड्डा होऊ शकतो. मुलाचे वजन अंगणवाडीत दर महिन्याला होतेच. त्याच वेळी सेविकेने ओठ उचलून पाहावा, रेघ दिसली तर नोंद करावी आणि आईला तिथेच सांगावे. यासाठी नवे यंत्र लागत नाही. सेविकेच्या प्रशिक्षणात एवढी एक गोष्ट घालावी लागेल.