पात्र पालथं घाला



देहूरोडच्या विहारातली बुद्धमूर्ती रंगूनहून आली, हे आपल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं. १९५४ च्या डिसेंबरात बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले. तब्येत पार ढासळलेली. परतल्यावर २५ डिसेंबरला देहूरोडला येऊन त्यांनी मूर्ती बसवली. नागपूरची दीक्षा अजून दोन वर्षं लांब होती. म्हणजे मावळच्या तोंडाशी बुद्ध आधी आला, धर्मांतर मागून. तारीखही बघा. १९२७ साली ह्याच दिवशी महाडला मनुस्मृती जाळली होती.

मूर्ती रंगूनची, इथवर सगळे अभिमानानं सांगतात. रंगूनकडं पुढं काय झालं, हे विहारात कुणी काढत नाही. मी काढणार आहे.

गोदीत काम करणाऱ्याला ब्रह्मदेश पोत्यावरून कळतो. उडीद तिथले, तूर तिथली. पोतं पाठीवर घेतलं की त्यावरचं नाव मानेला घासतं. देशाचं नाव आता म्यानमार, रंगूनचं यांगून. नाव बदलून नजर बदलत नाही, हे महारवाड्याचं भीमनगर झालेलं बघणाऱ्याला सांगायला नको.

तर हिशेब असा. १९६१ साली तिथं बौद्ध धर्म राज्याचा धर्म झाला. पुढच्याच वर्षी लष्करानं सत्ता घेतली. १९८२ च्या नागरिकत्वाच्या कायद्यानं अराकानातले रोहिंग्या मुसलमान स्वतःच्या गावात परके ठरले. मग २०१२-१३ च्या सुमारास '९६९' नावाची चळवळ उठली. आकडा कसला? बुद्धाचे नऊ गुण, धम्माचे सहा, संघाचे नऊ. आपण पंचशील घेतल्यावर त्रिरत्न वंदनेत म्हणतो तेच गुण. ते गुण दुकानाच्या दारावर चिकटवले, कशाला, तर हे दुकान बौद्धाचं आहे हे कळावं म्हणून. विराथू नावाचा भिक्खू माईकवरून सांगायचा, मुसलमानाकडून सामान घेऊ नका. २०१७ च्या ऑगस्टपासून लष्करानं गावंच्या गावं पेटवली. सात लाखांहून जास्त माणसं बांगलादेशात पळाली. पोरं कडेवर, म्हातारी झोळीत.

सामान घेऊ नका. दळण देऊ नका. विहिरीवर येऊ देऊ नका. ही भाषा आपण पुस्तकातून शिकलो का? बाबासाहेबांनी पाक्षिक काढलं त्याचं नावच 'बहिष्कृत भारत'. ज्याच्या आज्याला वाण्यानं मीठ नाकारलं, त्यानं दुसऱ्याचं मीठ बंद होताना गप बसायचं? आणि ते बुद्धाच्या नावानं?

गेल्या पावसाळ्यात मावळातल्या एका विहारात मी हा विषय काढला. एक काका म्हणाले, "पोरा, आधीच आपल्याला कोण विचारत नाही. त्यात आपलाच धर्म बदनाम करतो का?" काकांचा मला राग नाही. भीती खरी आहे. पण धर्म बदनाम विराथूनं केला, मी फक्त त्याचं नाव घेतलं.

आता जरा कायद्याकडं या. २०१५ साली म्यानमारनं वंश आणि धर्म वाचवायला म्हणून चार कायदे केले. भिक्खूंच्या संघटनेनं रेटून करून घेतले. त्यातला एक धर्मांतराचा. धर्म बदलायचा तर सरकारी मंडळापुढं जा, मुलाखत द्या, परवानगी घ्या. ह्याला टाळ्या वाजवणाऱ्या बौद्धानं एकदा १४ ऑक्टोबर १९५६ आठवावा. नागपूरला लाखो माणसं बाबासाहेबांमागं उभी राहिली, ती कुठल्या कलेक्टरचा कागद घेऊन? आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये गुजरात सरकारनं परिपत्रक काढलं की हिंदूला बौद्ध व्हायचं असेल तर जिल्हा दंडाधिकाऱ्याची आगाऊ परवानगी लागेल. आपल्या महाराष्ट्रातही २०२५ च्या फेब्रुवारीत असल्या कायद्यासाठी समिती नेमली गेली. म्यानमारात ज्या दोरीनं बौद्धांनी मुसलमानाला बांधलं, त्याच दोरीनं इथं आपल्याला बांधायचं चाललंय. दोरी एकच, धरणारे हात वेगळे.

पण ब्रह्मदेशातून नुसता विराथू येत नाही. २००७ साली तिथं सरकारनं तेलाचे भाव वाढवले, बस महाग झाली, माणूस कामावर जाईना. हजारो भिक्खू अनवाणी रस्त्यावर उतरले आणि त्यांनी भिक्षापात्रं पालथी घातली. लष्करी अधिकाऱ्याच्या घरची भिक्षा नको. बौद्ध देशात ह्याहून मोठी शिक्षा नाही, कारण दान स्वीकारलं नाही तर पुण्य नाही. ही रीत त्यांनी मनानं काढली नव्हती, विनयपिटकातली आहे. वड्ढ नावाच्या लिच्छवीनं एका निरपराध भिक्खूवर घाणेरडा आळ घेतला, तेव्हा खुद्द बुद्धानं संघाला त्याच्यापुढं पात्र पालथं घालायला लावलं. म्हणजे बुद्धाला राजकारण कळत नव्हतं म्हणणाऱ्यांनी जरा पिटक उघडावं. श्रीमंताला नाही म्हणायचं हत्यार त्यानं भिकाऱ्याच्या हातात दिलं होतं.

आमच्या विहाराचं पात्र कुणापुढं पालथं झालंय? इथं निवडणूक जवळ आली की फरशी येते. कमान येते. बुद्धपौर्णिमेच्या बॅनरवर बुद्ध अंगठ्याएवढा आणि आमदार पुरुषभर. ज्याच्या बंगल्याच्या कुंपणात गावाची पायवाट गेली, त्याच्याच पैशानं खीर शिजते आणि आपण पात्र पुढं करतो. १९७४ ला पँथर फुटली तेव्हा बुद्ध की मार्क्स म्हणून माणसं एकमेकांच्या अंगावर गेली. वाद चुकीचा असेल, पण वाद तरी होता. आता कमानीचा रंग निळा की पिवळा, एवढ्यावर बैठक संपते.

भाज्याला ध्यानाची शिबिरं होतात. त्यांची मी टिंगल करणार नाही. बारा तास ओझं वाहिलेल्याला आपला श्वास आपला आहे हे कळणं छोटी गोष्ट नाही. फक्त सगळे प्राणी सुखी होवोत म्हणताना त्यात रोहिंग्या धरलाय का, एवढं विचारतो.

आता कार्ल्याला या. माझ्या टोळीचा मुकादम कोळी. चैत्रात तो एकवीरेला जातो. मी त्याच पायऱ्यांनी चैत्याला जातो. देऊळ चैत्याच्या तोंडाशीच. आपली काही तापलेली पोरं म्हणतात, एक दिवस ते हटवू. मी म्हणतो, त्याआधी चैत्याच्या भिंती वाचा. खांबांवर धेनुकाकटाच्या यवनांची नावं आहेत, म्हणजे परदेशी माणसांची. सोपाऱ्याचा भाणक आहे, सिंहदत्त नावाचा अत्तरवाला आहे. दाराचं काम करणारा वेणुवासाचा पोरगा सामी, सुतार, त्याचंही नाव दगडात आहे. बंदरातून घाट चढून माल वर आणणाऱ्या हमालाचं नाव कुठं नाही, ते माझं दुखणं वेगळं. पण ज्या लेण्यानं सुताराला आणि परक्याला आत घेतलं, त्याच्या दारात कोळणीला ढकलायचं? चैत्यात वंदना करायचा हक्क हवा असेल तर पुरातत्त्व खात्याशी भांडू. आगरी-कोळ्यांशी आपलं काय भांडण?

बोधगयेला मात्र भांडण आहे आणि ते सरळ आहे. १९४९ च्या कायद्यानं महाबोधी विहाराच्या समितीत चार बौद्ध, चार हिंदू आणि वर जिल्हाधिकारी. १९९२ ला सुरेई ससाई भन्ते त्यासाठी लढले, २०२५ च्या फेब्रुवारीत भिक्खू पुन्हा उपोषणाला बसले. आम्ही त्यांच्या बाजूनं आहोत, पुरते. पण 'आमचं ते आमच्या ताब्यात' एवढंच कारण सांगाल, तर विराथूही तेच सांगतो. शोषण करणाऱ्याच्या हातून बुद्ध सोडवायचा आहे, दुसऱ्या पुजाऱ्याच्या हातात द्यायचा नाही.

येत्या २५ डिसेंबरला देहूरोडला जत्रा भरेल. लोणावळा लोकल खच्चून येईल. आम्ही पाच-सहा जण विहाराबाहेर एक कागद घेऊन उभे राहणार आहोत. त्यात लिहिलंय की रोहिंग्यांवर जे झालं ते बुद्धाच्या नावानं आम्हाला मान्य नाही, धर्म बदलायला कुणाची परवानगी आम्ही मागणार नाही, आणि निवडणुकीच्या वर्षात ह्या विहारानं पुढाऱ्याची फरशी घेऊ नये. सही करा, अंगठा चालेल. फरशीच्या ओळीवर सगळ्यात जास्त भांडण होणार, आमच्या तयारीत तेच धरलंय. काकांना निरोप दिलाय. येतो म्हणाले, सहीचं तिथं बघू म्हणाले.