दुसऱ्या वर्गांतील सहासष्ट गोल

फुटबॉलची ज्यांस गोडी आहे, त्यांस एव्हर्टन संघाच्या डिक्सी डीनचें नांव बहुधा ठाऊक असतें. १९२७-२८ च्या हंगामांत इंग्लंडमधील पहिल्या वर्गाच्या लीगमध्यें त्यानें ६० गोल केले. २००१ सालीं त्याचा पुतळाही उभारण्यांत आला. हा मान योग्यच होय.

परंतु त्याच हंगामांत स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील एअर या गांवच्या एका खेळाडूनें ३८ सामन्यांत ६६ गोल केले, हें किती जणांस ठाऊक आहे? त्याचें नांव जिमी स्मिथ. स्कॉटलंडच्या लीगमध्यें त्या वेळीं संघांचे दोन वर्ग होते व त्याचा एअर युनायटेड हा संघ दुसऱ्या वर्गांत होता. ब्रिटनमधील लीगच्या एका हंगामांत याहून अधिक गोल कोणीही केलेले नाहींत. तरी डीनचें नांव गाजलें. स्मिथचें मागें राहिलें.

कोणी म्हणेल, दुसऱ्या वर्गांतील प्रतिस्पर्धी दुबळे. शिवाय १९२५ सालीं ऑफसाइडचा नियम सैल झाल्यामुळें गोल करणें सोपें झालें होतें. हें मान्य केलें पाहिजे. स्मिथ डीनहून श्रेष्ठ होता, असें माझें म्हणणें नाहीं. परंतु नव्या नियमाची सवलत सर्वांसच होती. शिवाय दुसऱ्या वर्गांतील सामनाही नव्वद मिनिटांचाच असतो, आणि गोलच्या खांबांमधील अंतर तेथेंही आठ यार्डच असतें. मैदान लहान म्हणून स्मिथनें आपलें काम अर्धवट केलें नाहीं. त्या वर्षीं त्याचा संघ आपल्या वर्गांत पहिला आला आणि वरच्या वर्गांत चढला.

पुढें १९२९ सालीं लिव्हरपूल संघानें स्मिथला बोलावून घेतलें. डीनचा एव्हर्टन संघही त्याच शहरांतला! मात्र श्रमाचें फळ असें नेहमींच मिळतें, असें मी मुलांस सांगणार नाहीं. तें खरें होणार नाहीं. तें बोलावणें आलें नसतें, तरीही ते सहासष्ट गोल सहासष्टच राहिले असते. माझ्या मतें या कथेचें सार हेंच आहे.

परीक्षेचा निकाल लागल्यावर दुसऱ्या वर्गांत उत्तीर्ण झालेला मुलगा घरीं जाण्यास कचरतांना मीं पाहिला आहे. घरीं प्रथम प्रश्न येतो तो वर्गाचा; वर्षभर त्यानें काम कसें केलें, हा प्रश्न मागून येतो, किंवा येतच नाहीं. पालकांस माझी नम्र विनंति आहे कीं, त्यांनीं हा दुसरा प्रश्न आधीं विचारावा. आणि विद्यार्थिमित्रांनो, त्या प्रश्नाचें उत्तर तुम्हांस मान वर करून देतां यावें, एवढी सिद्धता मात्र तुम्ही ठेवा.