लेकरू कुणाकडं ठेवायचं?

मंडळी, गेले पंधरा दिवस गावात दोनच विषय चालू आहेत, पीक विमा आणि पांदण रस्ता. दोन्ही महत्त्वाचे आहेत, त्यात वाद नाही. आज मात्र अशा विषयावर लिहितोय ज्याची पारावर कधीच चर्चा होत नाही, कारण पारावर बसणाऱ्या कुणालाच त्याची अडचण येत नाही. विषय आहे तीन वर्षांच्या आतलं लेकरू. आई रानात गेल्यावर ते कुणाकडं असतं? पोस्ट लांब आहे. सवडीनं वाचा, पण वाचा.

आमच्याकडं सोयाबीनची खुरपणी चालू आहे. सकाळी साडेआठ-नऊला बायांचा टमटम येतो. संध्याकाळी साडेपाच-सहाला परत. रोज अडीचशे रुपये, कुठं तीनशे. टमटममध्ये चौदा-पंधरा बाया बसतात, त्यातल्या दोघी-तिघींच्या मांडीवर लेकरू असतं. ज्यांच्या मांडीवर नसतं, त्यातल्या काहींचं घरी असतं. घरी सात महिन्यांची लेक आली तेव्हापासून माझं लक्ष या टमटमकडं जास्त जायला लागलंय, हे खरं. आधीही टमटम रोज दारावरूनच जात होता.

रानात नेलेल्या लेकराचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. बांधावरच्या लिंबाला लुगड्याची झोळी बांधायची, लेकराला त्यात टाकायचं आणि पात धरायची. झोळीतलं लेकरू झोपलं तर नशीब. रडलं तर आई पात सोडून जाते, आणि ती मागं राहिली की मालकीण बोलते. पातीला पात लागलेली असते, एक बाई मागं पडली की सगळ्यांची ओळ बिघडते, म्हणून सोबतच्या बायाही कुरकुरतात. त्यांचीही चूक नाही. दुपारी ऊन तापलं की झाडाची सावली सरकते आणि झोळी उन्हात येते. पावसाळ्यात बांधाला इंचू-काटा असतो. आदल्या दिवशी तणनाशक मारलेलं असलं तर रानभर वास असतो. रांगणारं लेकरू असेल तर काही जणी त्याच्या पायाला लुगड्याची पट्टी बांधून दुसरं टोक झाडाला बांधतात, विहिरीकडं जाऊ नये म्हणून. ऐकायला वाईट वाटतं, पण तिथं विहीर आहे आणि तिला दुसरा हात नाही. तुम्हीच सांगा, तिनं काय करावं?

घरी ठेवलेल्या लेकराची तऱ्हा वेगळी. लहान लेकराला दोन-तीन तासांनी दूध लागतं. आई साडेआठला निघते, सहाला येते. मध्ये साडेनऊ तास. दुपारी एकच्या सुमारास आईचा पदर ओला होतो, छाती दुखते, आणि ती बांधाच्या आडोशाला जाऊन दूध मातीत पिळून टाकते. इकडं घरी लेकराला काय मिळतं? चहात बुडवलेलं बिस्कीट, साखरेचं पाणी, पुढं पाच रुपयाचं कुरकुऱ्याचं पाकीट. सहा महिने फक्त आईचं दूध, हे वाक्य आरोग्य केंद्राच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवलंय. रंगवणाऱ्याला कुणी विचारलं नाही की आई चाळिसाव्या दिवशी रानात गेली तर ते दूध लेकरापर्यंत पोचवायचं कसं. सहा महिन्यांनंतर तर दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं मऊ भरवायचं असतं. मऊ भात, वरण, कुस्करलेली भाकरी-दूध, अंडं. यातलं काहीही महाग नाही. महाग आहे ते भरवणाऱ्या माणसाचं बसणं. एक वाटी खिचडी भरवायला अर्धा तास लागतो, अर्धी अंगावर जाते, आणि तुम्ही तिथून हलू शकत नाही. मी भरवतो म्हणून सांगतोय.

आता कुणीतरी म्हणणार, "घरात आजी असते की. आपण सगळे असेच वाढलो." असते ना. पण आजी म्हणजे कोण? आपल्याकडं पोरींची लग्नं लवकर झालेली, त्यामुळं बऱ्याच आज्या पन्नाशीच्या आत-बाहेरच्या आहेत आणि त्याच टमटममध्ये सुनेच्या शेजारी बसलेल्या असतात. ज्या घरी असतात त्यांचे गुडघे गेलेले, डोळ्यांत मोतीबिंदू. रांगणाऱ्या लेकरामागं धावणं त्यांच्यानं होत नाही. आणि अनेक पोरं पुण्याला कंपनीत गेली, तिथंच खोली करून राहिली. तिथं तर आजीही नाही.

मग राहते कोण? मोठी बहीण. आठ-नऊ वर्षांची. सुगीच्या दिवसांत आपल्या जिल्हा परिषद शाळेच्या हजेरीपटावर कुणाची गैरहजेरी वाढते ते गुरुजींना विचारा. काही पोरी धाकट्याला कडेवर घेऊन शाळेत येतात. लेकरू रडायला लागलं की पोरगी वर्गाबाहेर. पोरगा असला तर त्याला कुणी घरी थांबवत नाही, पोरीलाच थांबवतात. चौथीत वाचता येत नाही म्हणून नंतर तिलाच नावं ठेवायची. तेराव्या-चौदाव्या वर्षी तिचं शिक्षण सुटतं तेव्हा आपण म्हणतो, तिला आवड नव्हती. आपल्याच गावातल्या दोन घरांतलं मी सांगू शकतो, पण सांगत नाही, नावं घेण्यात अर्थ नाही.

सरकार काहीच करत नाही असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. बाळंतपण आता दवाखान्यात होतं, न्यायला-आणायला गाडी मिळते, लसी फुकट आहेत आणि वेळेवर आहेत. आशाताईंचं तर कौतुक करावं तेवढं थोडं. बाळ घरी आल्यावर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्यांनी घरी जाऊन बघायचं असतं. वजन, ताप, नाळ, दूध ओढतंय का. आमच्याकडं ताई भर पावसात काटा पिशवीत घालून आल्या होत्या. ही घरी जाऊन बाळ बघायची पद्धत आली कुठून माहितीय? आपल्याच महाराष्ट्रातून, गडचिरोलीतून. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं तिथल्या ३९ गावांत गावातल्याच बायांना शिकवलं, नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आणले, आणि १९९९ साली ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. पुढं ती पद्धत देशभर गेली. म्हणजे गावातली कमी शिकलेली बाई नीट शिकवली तर बाळ सांभाळू शकते, हे सिद्ध व्हायला आता पंचवीस वर्षं होऊन गेली.

पण बेचाळिसावा दिवस संपला की हळूहळू सगळे पांगतात. आशाताई तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या, पंधराव्या महिन्यात येऊन जातात, बघून जातात. लेकरू धरून बसणं हे त्यांचं काम नाही. अंगणवाडी १९७५ पासून आहे, पण तिथं बसायला जागा आहे ती तीन ते सहा वर्षांच्या पोरांना, तीही काही तासच. सहा महिने ते तीन वर्षांच्या लेकराला अंगणवाडी काय देते? घरी न्यायचं पाकीट. ते पाकीट कुणाच्या घरी लेकराच्या वाटीत जातं आणि कुणाच्या घरी म्हशीच्या घमेल्यात, हे मी लिहायची गरज नाही. म्हशीला घालणाऱ्या बाईला शिव्या देण्याआधी एकदा विचार करा, दुपारी ते शिजवून भरवायला तिच्या घरी कोण होतं?

आता पैशाचा हिशेब. नोकरदार बाईला बाळंतपणाची पगारी रजा २६ आठवडे, २०१७ ला कायदा बदलला तेव्हापासून. त्याच बदलात आलं की ५० किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं पाळणाघर पाहिजे. चांगलं आहे, मिळायलाच पाहिजे. रानातल्या बाईला पहिल्या लेकराला मातृवंदना योजनेतून ५,००० रुपये, दुसरी मुलगी झाली तर ६,०००. अडीचशे रुपये रोजानं ५,००० म्हणजे वीस दिवसांची खुरपणी. तिनं २६ आठवडे घरी राहायचं म्हटलं, आठवड्याला सहा दिवस धरले, तर ३९,००० रुपये बुडतात. वीस दिवस आणि २६ आठवडे. लेकरू दोघींचंही सारखंच भूक लागल्यावर रडतं.

"पण आता लाडक्या बहिणीचे दीड हजार मिळतात की," असंही कुणी म्हणेल. मिळतात, घ्यावेत, बाईच्या हातात पैसा आला तर मला आनंदच आहे. पण दीड हजार म्हणजे सहा दिवसांचा रोज. आणि पैसा लेकरू कडेवर घेत नाही.

गंमत म्हणजे हा विचार सरकारी कागदावर कधीच होऊन गेलाय. रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्यात लिहिलं होतं की कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं येत असतील तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमायची आणि तिला मजुरी द्यायची. आपल्या शिवारात नाला खोलीकरण झालं, शेततळी झाली. अशी नेमलेली बाई तुम्ही कधी बघितली? मी नाही बघितली. केंद्राची 'पाळणा' योजना आहे, २०२२ पासून 'मिशन शक्ती'त. अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर चालवायची सोय त्यात आहे. आपल्या तालुक्यात ती कुठं चालू असेल तर मला दाखवा, मी स्वखर्चानं बघायला येतो आणि फोटो टाकतो.

दुसरीकडं होतंय म्हणून जास्त राग येतो. दिल्लीत बांधकामावरच्या मजूर बायांच्या लेकरांसाठी 'मोबाईल क्रेशेस' १९६९ ला सुरू झालं. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोगच्या डॉक्टरांनी जंगलपट्टीतल्या गावांत 'फुलवारी' नावानं पाळणाघरं चालवली. सहा महिने ते तीन वर्षांची लेकरं, गावातलीच बाई, दिवसभर खाणं. पुढं तिथल्या सरकारनंही ती कल्पना उचलली. आणि आपल्या बॉर्डरपलीकडं कर्नाटकानं २०२३ मध्ये चार हजार ग्रामपंचायतींत 'कूसिन मने' काढायचं जाहीर केलं, रोजगार हमीवरच्या बायांच्या लेकरांसाठी. कूसिन मने म्हणजे लेकरांचं घर. उमरगा-निलंग्याकडच्या लोकांचे सोयरे तिकडं आहेत, प्रत्यक्षात कसं चाललंय ते त्यांना विचारून कमेंटमध्ये लिहा. चांगलं-वाईट दोन्ही लिहा.

आपल्या गावाला हे झेपेल का? मी कागदावर मांडून बघितलं. दोन बाया नेमायच्या, तीनशे रुपये रोजानं. महिन्याचे २६ दिवस धरले तर १५,६०० रुपये. खुरपणीपासून सोयाबीन काढेपर्यंत चार महिने धरले तर ६२,४०० रुपये. दहा-बारा लेकरं. वर खिचडी, अंडी, दूध यांचा खर्च. काही आया रोजचे दहा-वीस रुपये आनंदानं देतील, कारण पूर्ण दिवस भरला तर त्यांचा रोज वाचतो. जागा आहे, समाजमंदिर वर्षातून आठ दिवस उघडतं. पंखा आहे, नळ बाहेर आहे तो आत घ्यावा लागेल. आणि ग्रामपंचायतीनं उत्पन्नाच्या १० टक्के रक्कम महिला आणि बालकल्याणावर खर्च करायची असते. हा खर्च दरवर्षी दाखवला जातो, कुठं शिलाई मशीन, कुठं सतरंज्या, कुठं खुर्च्या. शिलाई मशीनला माझा विरोध नाही. पण गावात आधीच किती मशिनी धूळ खात पडल्यात ते एकदा मोजा.

अडचणी आहेत, मान्य. पहिली अडचण जातीची, ती लपवून उपयोग नाही. कुणाची लेकरं कुणाच्या हातची खातील, हा प्रश्न येणार. अंगणवाडीत आणि शाळेच्या खिचडीत हे सगळं आधी झालंय, बऱ्याच प्रमाणात मिटलंय, इथंही मिटेल. दुसरी अडचण, एखादं लेकरू आजारी पडलं किंवा पडून लागलं तर जबाबदारी कुणाची? हा प्रश्न बरोबर आहे आणि त्याचं उत्तर सुरू करायच्या आधीच लेखी ठरवावं लागेल. सहा लेकरांमागं एक बाई, यापेक्षा जास्त लेकरं घ्यायचीच नाहीत. आजारी लेकरू त्या दिवशी घरी. आशाताईंनी आठवड्याला एक चक्कर. पण ही काळजी दाखवणाऱ्यांना माझा एक उलटा प्रश्न आहे. आज लिंबाच्या झोळीतलं लेकरू पडलं तर जबाबदारी कुणाची आहे?

आणि जाता जाता बापांविषयी. बापानं लेकरू घेऊन चक्कर मारली की पारावरून आवाज येतो, "काय, आज ड्यूटी लागली का?" येऊ द्या. रात्रीची लाईट आली की मोटार चालू करायला आपण उठतोच, लेकरू रडल्यावर उठायला काय होतं? खरीप-रब्बीच्या मध्ये दोन महिने आपल्या हाताला काम नसतं तेव्हा तरी बायको रानात आणि आपण पारावर, हे बरं दिसत नाही. एवढंच म्हणतो, जास्त बोललो तर घरी जेवायला मिळेल पण मित्र राहणार नाहीत.

१५ ऑगस्टची ग्रामसभा येतेय. त्याच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते. ती बहुतेक वेळा रजिस्टरवरच होते, सह्या घरी येऊन नेतात. या वेळी ती खरोखर घ्यायची आणि बाया रानातून आल्यावर, संध्याकाळी सातला घ्यायची, अशी मागणी करणारा अर्ज मी लिहून ठेवलाय. सोबत १० टक्के निधीचा मागच्या तीन वर्षांचा खर्च दाखवावा आणि समाजमंदिरात चार महिन्यांचं पाळणाघर सुरू करावं, असा ठरावाचा मसुदाही आहे. दोन्ही कागद किराणा दुकानात ठेवलेत. टमटम परत येतो तेव्हा मी तिथंच असतो. सही करायची असेल त्यांनी थांबा, अंगठा चालतो. आणि तुमच्या घरात तीन वर्षांच्या आतलं लेकरू असेल तर त्याचं वय आणि ते दिवसभर कुणाकडं असतं, एवढं कागदामागं लिहून जा.