जंगलात अतिक्रमण, बाजारातही अतिक्रमण

आमच्या तालुक्याच्या गावाला सोमवारचा बाजार भरतो. नगरपालिका झाली त्याच्या आधीपासून भरतो. पहिला पाऊस पडला की पाड्यांवरच्या बाया शेवळं, काकडं, कोरळ, लोत, जे जंगल देईल ते टोपलीत घालून पहाटे निघतात. कोणी दोन तास चालतं, कोणी एस.टी.त टोपलीसाठी कंडक्टरची बोलणी खातं. नाक्यापासून मंडईपर्यंत रस्त्याच्या कडेला फडकं पसरायचं, वाटे करायचे, दुपारी तेल-मीठ-मिरची घेऊन घरी. एवढाच आमचा धंदा.

यंदा पालिकेने त्याला 'विनापरवाना विक्री' म्हटलं. जूनमध्ये भर बाजारात गाडी आली आणि अकरा बायांच्या टोपल्या उचलल्या. ना पंचनामा, ना यादी. दंड पंचवीस रुपये. टोपलीत माल होता पंधराचा! आणि शेवळं संध्याकाळपर्यंत मलूल होतात, तर दंड भरून सोडवायचं काय? एका म्हातारीने कनवटीची पावती काढून दाखवली, "सकाळीच रुपया दिला ना साहेब." साहेब म्हणाले, ती बसण्याची पावती, परवाना नाही. म्हणजे रुपया घेताना आम्ही चालतो, बसलो की चालत नाही.

आम्ही चौघं पालिकेत गेलो आणि अटी मागितल्या. तीन हेलपाट्यांनी एक टाईप केलेला कागद मिळाला. अर्जदार पालिकेच्या हद्दीत राहणारा पाहिजे. फी वर्षाची, आगाऊ. परवान्यावर एकाच मालाचं नाव. शाळा, दवाखाना, देऊळ यांच्यापासून १०० मीटर आणि मंडईपासून १५० मीटरच्या आत बसायचं नाही.

ह्या मीटरांची गोष्ट ऐका. १९८५ साली मुंबईच्या फेरीवाल्यांचा खटला सुप्रीम कोर्टात चालला, त्यात मुंबई महापालिकेच्या अटींमध्ये हेच १०० आणि १५० मीटर होते. मुंबईत दीडशे मीटर म्हणजे पुढची गल्ली. आमच्या गावात मंडईपासून दीडशे मीटर गेलं की भाताच्या खाचरात पाय जातो. आम्ही सुंभ धरून मोजलं आहे. बरं, त्याच निकालात फेरीवाल्यांना बसायला जागा ठरवून द्या असंही कोर्टाने सांगितलं. ते वाक्य आमच्या पालिकेने उतरवून घेतलं नाही.

आणि एकाच मालाचं नाव कुठलं लिहायचं? जूनमध्ये शेवळं, पुढे बांबूचे कोंब, दसऱ्याला आपट्याची पानं, उन्हाळ्यात करवंदं, जांभळं. वर्षातून तीस-चाळीस दिवस बसणाऱ्या बाईने वर्षभराची फी कशातून भरायची? हद्दीत राहण्याचा दाखला तर आमच्यात कोणाकडेच नाही. अट पाळता येणारच नाही अशी घालायची आणि मग पाळली नाही म्हणून टोपली उचलायची, हा कसला नियम?

यात फायदा कोणाचा होतो तेही बघा. टोपल्या उचलल्या त्याच्या पुढच्याच सोमवारी पहाटे नाक्यावर व्यापाऱ्यांची माणसं उभी होती. "आत गाडी आलीय, इथंच देऊन टाक." भीतीने बायांनी आख्खी टोपली निम्म्या भावात दिली. तीच शेवळं दहा वाजता मंडईत होती, परवानेवाल्याच्या गाळ्यावर. आमच्यातलेच काही म्हणतात, भांडण कशाला, संघटनेच्या नावाने पाच परवाने काढू. आम्हाला ते मान्य नाही. पाच परवाने काढले की आपल्यातच पाच व्यापारी होतील आणि बाकीच्या नाक्यावर उभ्या राहतील.

रस्ता मोकळा पाहिजे हे आम्हालाही पटतं, आम्ही त्याच रस्त्याने चालत येतो. पण दुकानांचे ओटे गटारावर आलेत, पोती रस्त्यात असतात, ट्रक दुपारपर्यंत उभे असतात. त्यांना नोटीस जाते. आमची टोपली जाते. ज्यांच्या ओट्यापुढे आम्ही बसतो त्यातल्या काहींच्या कपाटात आमच्या आजोबांच्या जमिनीचे कागद आहेत, हे गावाला ठाऊक आहे.

त्या गाडीवर 'अतिक्रमण' असं लिहिलं आहे. हा शब्द आम्ही पहिल्यांदा गार्डाच्या तोंडून ऐकला. बापाने नांगरलेला प्लॉट म्हणजे अतिक्रमण. प्लॉट नावावर करण्याचा शासननिर्णय १९७८ सालचा, आमच्या पाड्यांवर तो अजून पोचायचा आहे. खाचर सावकाराकडे, प्लॉट जंगलखात्याकडे, राहिली टोपली. ती घेऊन बाजारात आलो तर तिथंही तोच शब्द. मग आम्ही अतिक्रमण नाही अशी जागा कुठली ते पालिकेने लिहून द्यावं.

३० ऑगस्ट १९८९ ला दिल्लीच्या फेरीवाल्यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की रस्त्याच्या कडेला विकणं हा घटनेच्या १९ व्या कलमातला हक्क आहे. नियम घालता येतील, अमुकच जागा माझी असं म्हणता येणार नाही. ठीक, आम्हाला कुठं अमुक जागा पाहिजे? पण रस्ता फक्त येण्याजाण्यासाठी आहे एवढ्याच कारणावरून हाकलता येणार नाही, हेही त्यात आहे.

म्हणून येत्या सोमवारी बाया नेहमीच्याच जागी बसतील, वाटे करतील. रुपयाची पावती फाडतील. पुरुषांनी दारू न पिता यावं आणि मागे उभं राहावं, पुढे पुढे करू नये. अकरा वाजता सगळे मिळून पालिकेत जाऊ. मागणी एवढीच: उचललेल्या मालाचे पैसे परत द्या, रानातला माल आणणारीला वर्षाचा परवाना लावू नका, नाक्यापासून मंडईपर्यंतची कड सोमवारी मोकळी ठेवा.

मागच्या बाजारांच्या पावत्या घरात असतील त्या घेऊन या. भिजलेल्याही चालतील, चुलीवर वाळवून आणा.