एक रात्र मुद्दाम लाइट घालवून झोपा: सीपॅप वापरणाऱ्यांना जाहीर आवाहन

सीपॅप मशीन लावून झोपणाऱ्या सर्वांना आणि त्यांच्या घरच्यांना कळकळीची विनंती आहे. पावसाळ्याआधी, शक्यतो मे महिन्यातल्या एखाद्या शनिवारी, इन्व्हर्टरला वीज पुरवणारे बटण रात्री बंद करा आणि मशीन इन्व्हर्टरवर किंवा तुमच्याकडे असेल त्या बॅटरीवर लावून झोपा. सकाळी उठल्यावर मशीनच्या पडद्यावर वापराचे तास पाहा. मशीन रात्रभर चालले की दोन वाजता बंद पडले, हे कागदावर लिहून ठेवा. बॅकअप घ्या, बॅटरी घ्या, प्रवासात काळजी घ्या, असे सल्ले डॉक्टर, विक्रेते आणि नातेवाईक देतच असतात. त्यांतला कोणता सल्ला तुमच्या घरात, तुमच्या मशीनवर, तुमच्या हवेच्या दाबाला पुरेसा आहे, हे या एका तालमीशिवाय कळत नाही. तपासून न पाहिलेल्या बॅकअपच्या भरवशावर चक्रीवादळाच्या रात्री झोपणे मला धोक्याचे वाटते.

मशीनविना एका रात्रीने काय होते, असा प्रश्न सगळ्यात आधी येतो, आणि तो गांभीर्याने घ्यायला हवा. सीपॅप ज्या आजारासाठी लावतात त्या स्लीप अ‍ॅप्नियात झोप लागल्यावर घशाचे स्नायू सैल पडतात आणि श्वासाची वाट दबते किंवा बंद होते. प्रत्येक अडथळा किमान दहा सेकंदांचा धरला जातो, आणि तासाला तीसपेक्षा जास्त अडथळे असतील तर आजार तीव्र समजला जातो. सीपॅप हा त्या वाटेला हवेच्या दाबाने दिलेला टेकू आहे. टेकू काढला की वाट पुन्हा दबते. वर्षभर नियमित वापर केला म्हणून दोन-चार रात्रींची पुंजी साठत नाही. झुरिकमधील संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नियमित सीपॅप वापरणाऱ्या काही रुग्णांचे उपचार दोन आठवडे थांबवले. अ‍ॅप्निया लगेच परतला, आणि सकाळच्या रक्तदाबाचा वरचा आकडा सरासरी आठहून अधिकने वाढला. सौम्य आजार असलेल्या, बाकी प्रकृती ठणठणीत असलेल्या माणसाची एक रात्र मशीनविना निभावते, हे मला मान्य आहे. पण त्याच माणसाने दुसऱ्या दिवशी पहाटे उठून समृद्धी महामार्गावर गाडी हाकायची ठरवली, तर ती रात्र एकट्या त्याची राहत नाही. ज्यांना हृदयाचा आजार आहे, ज्यांची फुप्फुसे कमजोर आहेत, किंवा जे स्नायूंच्या आजारामुळे बायपॅप या श्वासाच्या मशीनवर आहेत, त्यांना तर ‘एक रात्र’ हा हिशेब लागूच होत नाही. त्यांनी वीज गेल्यास काय करायचे आणि कोणत्या रुग्णालयात जायचे, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे. वर सांगितलेली तालीमही त्यांनी डॉक्टरांना विचारून, घरातले कोणी जागे असतानाच करावी.

शिवाय लाइट एकाच रात्रीपुरती जाते, हे गृहीतकच आपल्या अनुभवाशी जुळत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ दिवेआगर-श्रीवर्धनच्या पट्ट्यात धडकले, खांब आणि तारा आडव्या झाल्या, आणि रायगड-रत्नागिरीतल्या कितीतरी गावांत वीज यायला आठवडे लागले. पुढच्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ आले. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाड पाण्याखाली गेले, तेव्हा जीव वाचवण्यासाठी घर सोडावे लागलेल्या माणसांत सीपॅप वापरणारेही असणारच. शहरातल्यांनी निर्धास्त राहावे अशीही स्थिती नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई महानगरातली वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, आणि काही भागांत पुरवठा सुरळीत व्हायला दिवस मावळला. ही झाली मोठी संकटे. पहिल्या पावसातली साधी अडचण याहून नेमाची असते. उन्हाळाभर तापलेल्या चिनी मातीच्या इन्सुलेटरवर गार पाणी पडले की ते तडकतात, फांद्या तारांवर येतात, आणि बिघाड नेमका कुठे आहे हे अंधारात शोधायला वायरमनला वेळ लागतो. त्यात त्याचा दोष नाही. आपल्या हाती असते ती तयारी.

ही तयारी वाटते तेवढी महाग नाही, आणि याचे कारण विजेच्या हिशेबात आहे. सीपॅपमधला हवा ढकलणारा पंखा फार थोडी वीज खातो. मध्यम दाबाला, हवेची गळती नसेल तर, बहुतेक नव्या मशीनना साधारण १० ते २० वॅट पुरतात. वीज खातो तो हवा ओलसर करणारा ह्युमिडिफायर आणि गरम होणारी नळी. ही दोन्ही चालू असली की खर्च कित्येक पटींनी वाढतो. म्हणजे तीच बॅटरी एकाला रात्रभर पुरते आणि दुसऱ्याला मध्यरात्रीच दगा देते. पंधरा वॅटने आठ तास धरले तर १२० वॅट-तास होतात. घरोघरी असलेल्या १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या इन्व्हर्टर बॅटरीत कागदावर १,८०० वॅट-तास असतात. प्रत्यक्षात त्यातले बरेच कमी हाती लागतात, तरी एक पंखा आणि ह्युमिडिफायर बंद केलेले मशीन यांची रात्र त्यात निघायला हरकत नाही. कोरड्या हवेने नाक-घसा सुकतो, ही तक्रार खरी आहे, आणि विदर्भातल्या उन्हाळ्यात ती जास्त जाणवेल. पण आपल्याकडे लाइट सर्वाधिक जाते ती पावसाळ्यात, आणि कोकणात किंवा मुंबईत जुलैच्या हवेतच इतका ओलावा असतो की काही रात्री ह्युमिडिफायरवाचून सहज निघतात. म्हणून तालमीच्या रात्री तो बंदच ठेवा आणि त्रास किती होतो ते पाहा.

आमच्याकडे इन्व्हर्टर आहे, मग तालीम कशाला, असे म्हणणाऱ्यांना मी आग्रहाने सांगेन की सर्वाधिक गरज तुम्हालाच आहे. पुष्कळ घरांत इन्व्हर्टरची जोडणी फक्त दिवे आणि पंख्यांना असते. पलंगाशेजारचा प्लग त्यावर नसतोच, आणि हे लाइट गेल्याखेरीज कळत नाही. काही जुने, स्वस्त इन्व्हर्टर साइन वेव्ह वीज देत नाहीत. अशा विजेवर मशीनचा अ‍ॅडॉप्टर तापू शकतो, म्हणून मशीनसाठी साइन वेव्ह इन्व्हर्टरच हवा. तीन-चार वर्षांच्या बॅटरीत अनेकदा डिस्टिल्ड वॉटर कमी झालेले असते आणि तिची ताकद पाटीवर लिहिलेल्या आकड्याच्या जवळपासही राहिलेली नसते. संगणकाचा छोटा यूपीएस अनेकांना पुरेसा वाटतो. त्यातली बॅटरी बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची, म्हणजे जेमतेम ८४ वॅट-तासांची असते. तासा-दोन तासांच्या खंडाला ती ठीक, रात्रीला नाही. मोबाइलची साधी पॉवर बँक तर या कामाची नव्हेच, कारण मशीनला १२ किंवा २४ व्होल्ट लागतात. गाडीच्या बॅटरीवर मशीन चालवायचे असेल तर त्या मॉडेलसाठी बनवलेला डीसी कन्व्हर्टरच वापरा. वायर कापून केलेली जोडणी नको, आणि बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून झोपणे तर जिवावर बेतेल.

बॅटरीही संपली तर काय? मास्क काढून ठेवा. मोठ्या मास्कमध्ये बाहेरची हवा आत घेणारी झडप असते हे खरे, पण बंद मशीनचा मास्क तोंडावर ठेवून झोपण्यात काहीच लाभ नाही. उताणे झोपण्याऐवजी कुशीवर झोपा, डोक्याकडची बाजू उंच करा, त्या रात्री मद्य घेऊ नका, आणि झोपेची गोळी चालू असेल तर अशा रात्री ती घ्यावी का, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. याने सीपॅपची जागा भरून निघत नाही, नुकसान थोडे कमी होते इतकेच. आणि दुसऱ्या दिवशी गाडी दुसऱ्याला चालवू द्या.

प्रवासात हाच हिशेब अधिक कडक होतो. चार दिवस गावाला जायचे आहे, मशीन घरीच राहू दे, हा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. पण लग्नघरातली जागरणे, जड जेवण आणि परका बिछाना यांत अ‍ॅप्निया वाढण्याचीच शक्यता अधिक. रेल्वेने जाणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. डब्यातल्या प्लगची वीज बहुधा ११० व्होल्टची असते, आणि १०० ते २४० व्होल्ट चालणाऱ्या अ‍ॅडॉप्टरला ती अडचण नाही. अडचण आहे ती वेळेची. आगीच्या घटनांनंतर मार्च २०२१ मध्ये पश्चिम रेल्वेने रात्री ११ ते पहाटे ५ चार्जिंग पॉइंट बंद ठेवायला सुरुवात केली. या काळजीमागचे कारण योग्य आहे, पण सीपॅपला वीज लागते ती नेमकी याच सहा तासांत. म्हणून गाडी कोणत्याही विभागाची असो, विदर्भ एक्स्प्रेस असो वा महालक्ष्मी, स्वतःच्या बॅटरीशिवाय रात्रीच्या गाडीत बसू नका. शिवाय वैद्यकीय उपकरणांसाठी प्रत्येक डब्यात रात्री निदान एक प्लग चालू ठेवावा, ही मागणी रेल्वेकडे लेखी करा. एकट्यादुकट्याचे पत्र फाइलमध्ये पडून राहते, शंभरांची दखल घ्यावी लागते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एम्सच्या संशोधकांच्या अंदाजानुसार देशात सुमारे १०.४ कोटी लोकांना हा आजार असावा. आपण थोडे नाही, विखुरलेले आहोत.

विमानाने जाताना मशीन हातातल्या सामानात ठेवा, पाण्याची टाकी रिकामी करा, आणि डॉक्टरांची चिठ्ठी जवळ बाळगा. सुटी लिथियम बॅटरी सामानकक्षात चालत नाही. ती सोबतच न्यावी लागते. १०० वॅट-तासांपर्यंतच्या बॅटरीला सहसा अडवत नाहीत, १०० ते १६० ला कंपनीची परवानगी लागते, त्यापुढे प्रवासी विमानात मनाई आहे. बॅटरी घेतानाच हा आकडा पाहा, नाहीतर घेतलेली वस्तू विमानतळावर सोडून यावी लागेल. चारधाम किंवा लेहला निघालेल्यांसाठी आणखी एक इशारा. बऱ्याच मशीनच्या माहितीपुस्तिकेत वापराची उंची सुमारे २,३०० ते २,६०० मीटरपर्यंतच दिलेली असते. लेह साडेतीन हजार मीटरच्या आसपास आहे, केदारनाथ त्याहून थोडे वर. शिवाय विरळ हवेत झोपेतल्या श्वासाची लयच बिघडू शकते. तिथे मुक्काम करावा का, हे टूर कंपनीला नव्हे, छातीच्या डॉक्टरांना विचारा.

शेवटची विनंती मशीन न वापरणाऱ्यांना. आळंदीहून पंढरपूरला जाणाऱ्या दिंड्यांत जवळजवळ तीन आठवडे तंबूत मुक्काम असतो, आणि मशीन लाजेखातर घरी ठेवून येणारे ज्येष्ठ वारकरी त्यांत असू शकतात. दिंडीचालकांनी नावनोंदणीच्या वेळीच विचारावे आणि दिवसा ट्रकवर किंवा जनरेटरवर बॅटरी चार्ज करायची सोय करावी. गृहनिर्माण संस्थांच्या जनरेटरवर लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे चालतात. त्याच लाइनवर संस्थेच्या कार्यालयात किंवा सभागृहात अशा मशीनसाठी दोन प्लग जोडून घ्यायला इलेक्ट्रिशियनला अर्धा दिवस पुरेल. ब्रिटनमध्ये घरी वैद्यकीय उपकरण वापरणाऱ्यांची नोंद वीज कंपन्यांकडे असते आणि नियोजित खंडाची सूचना त्यांना आधी मिळते. आपल्याकडेही अशी नोंद व्हावी म्हणून पाठपुरावा करावा लागेल, आणि त्याला काळ लागेल. तोवर सोसायटीच्या सचिवांनी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, सीपॅप आणि बायपॅप वापरणाऱ्या घरांची यादी, त्या घरांच्या संमतीने, आपल्याकडे ठेवावी. पहिल्या मोठ्या पावसात लाइट गेली की त्या दारांवर आधी जावे.