सुट्टी मुलांची, धडे शिक्षकांना

उन्हाळ्याची सुट्टी लागते न लागते तोच शिकवणीवर्गांच्या जाहिराती दारी येऊन पडतात. शाळेत वर्षभर जे शिकावयाचे, ते मुलाने सुट्टीत पैसे मोजून शिकावे, हा जणू रिवाजच झाला आहे. सोळा वर्षांखालील मुलांना अशा वर्गांत प्रवेश देऊ नये, असे केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये सुचविले. परंतु शाळेतील उणीव केवळ सूचनांनी भरून निघत नाही.

या संदर्भात आम्हांस मध्य प्रदेशातील एका उपक्रमाचे स्मरण होते. १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातील सोळा शाळांत सुरू झालेले हे विज्ञानशिक्षण पुढे भोपाळच्या ‘एकलव्य’ संस्थेने (स्थापना १९८२) चालविले. तेथे उन्हाळ्यात वर्ग भरत, ते मुलांचे नव्हेत, शिक्षकांचे! खेड्यांतील गुरुजी शास्त्रज्ञांसमवेत स्वतः प्रयोग करीत, चुकत, शंका विचारीत. मुलांना परीक्षेत पुस्तक उघडण्याची मुभा असे. कारण पारख पाठांतराची नव्हे, विचाराची होती. २००२ मध्ये राज्य शासनाने हा उपक्रम बंद केला, हे दुर्दैव होय.

धनिकाचे मूल शिकवणी विकत घेईल. मासळी विकणाऱ्या मातेच्या मुलास शाळेवाचून आधार कोणता? शासनाने शिक्षकांसाठी असे उन्हाळी वर्ग भरवावेत, त्याबद्दल त्यांना बदली रजा द्यावी आणि मुलांना आंब्याच्या सावलीत मोकळे सोडावे, एवढेच आमचे मागणे आहे.