मुअल्लिम

हजला जाऊन आलेल्या घरात 'मुअल्लिम' हा शब्द नवा नाही. मक्केत पोहोचल्यापासून मिना, अरफातपर्यंत ज्याच्या माणसांच्या भरवशावर आपले वडीलधारे फिरतात, तो मुअल्लिम. मदरशात मुलांना शिकवतो तोही मुअल्लिम. पाचशे वर्षांपूर्वी अरबी समुद्रावर या शब्दाला आणखी एक अर्थ होता: जहाजाला वाट दाखवणारा. जहाज नाखुद्याचे, पण ते कुठे वळवायचे हे मुअल्लिम सांगणार. (नाखुदा म्हणजे जहाजाचा धनी. मराठीत तो नाखवा झाला आणि कोकणात आपल्याकडे काही घराण्यांचे आडनावही.)

आज मुअल्लिम प्रत्येकाच्या खिशात आहे. 'दोनशे मीटरवर डावीकडे वळा' म्हणाला की आपण वळतो. त्याला वाट कशी कळते, हे घरातल्या मुलांनी विचारले तर मात्र आपली पंचाईत होते. म्हणून या महिन्यात त्याविषयी.

सुरुवात जमिनीवरून करू. हिजरतीच्या वेळी मदिना उत्तरेला होते, तरी प्रेषित मुहम्मद (सल्ल.) आणि हजरत अबू बक्र (रजि.) आधी मक्केच्या दक्षिणेला, सौरच्या गुहेकडे गेले. तीन रात्रींनंतर अब्दुल्लाह बिन उरैकित ठरल्याप्रमाणे उंटिणी घेऊन आला आणि काफिल्यांची नेहमीची वाट टाळून त्याने त्यांना किनाऱ्याच्या बाजूने नेले. हा माणूस मजुरीवर ठरवलेला वाटाड्या होता आणि त्याने इस्लाम स्वीकारलेला नव्हता. पकडून देणाऱ्याला शंभर उंटांचे बक्षीस जाहीर झालेले असताना त्याची निवड झाली, कारण तो वाटांचा पक्का जाणकार होता आणि विश्वासू होता. वाळवंटात वाटाड्याचे भांडवल म्हणजे रात्री तारे, दिवसा डोंगरांचे आकार आणि कुठल्या विहिरीला कधी पाणी असते याची आठवण.

समुद्रावर ना डोंगर, ना विहीर. तिथे मुअल्लिमच्या हाती असे 'कमाल': तळहाताएवढी चौकोनी लाकडी फळी, तिच्या मधोमध भोक आणि त्यातून ओवलेली गाठींची दोरी. दोरीची गाठ दातांत धरायची, फळी समोर ताणून धरायची, खालची कड क्षितिजाला टेकवायची आणि वरच्या कडेला ध्रुवतारा टेकतो का ते पाहायचे. ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची जवळपास त्या जागेच्या अक्षांशाइतकी असते. रत्नागिरीला तो सुमारे १७ अंशांवर दिसतो, मुंबईला १९ वर. दक्षिणेकडे जावे तसा खाली उतरतो. एकेका बंदरासाठी दोरीला एकेक गाठ मारून ठेवता येई. तारा त्या गाठीला बरोबर बसेपर्यंत उत्तर-दक्षिण सरकायचे आणि मग सरळ पूर्व किंवा पश्चिम धरायची. ही उंची ते 'इस्बा' म्हणजे बोटांमध्ये मोजत.

या विद्येचा सर्वांत मोठा जाणकार अहमद इब्न माजिद. त्याचे वडील आणि आजोबाही मुअल्लिमच होते. १४९०च्या सुमारास त्याने 'किताब अल-फवाइद' हा ग्रंथ पूर्ण केला. त्यात तारे आहेत, वारे आहेत, किनारे आहेत. कारण नुसत्या कमालवर भागत नाही. त्यातून उत्तर-दक्षिण कळते, पूर्व-पश्चिम कळत नाही. तो हिशेब जहाजाच्या वेगाच्या अंदाजावर चाले आणि अंदाज चुकतो. म्हणून पाण्याचा रंग पाहायचा, पक्षी पाहायचे, शिशाचे वजन सोडून तळ मोजायचा. पाण्यात साप दिसू लागले की हिंदुस्थानचा किनारा जवळ आला असे समजत. एका खुणेवर दुसरीची साक्ष काढायची, ही या लोकांची रीत होती.

वाऱ्याचे वेळापत्रक तर पाठच असावे लागे. आपला 'मोसम' हा शब्द अरबी 'मौसिम'वरूनच आला. १४९८च्या एप्रिलअखेर वास्को द गामा आफ्रिकेतल्या मालिंदीहून निघाला तेव्हा त्याच्याबरोबर या समुद्राचा माहीतगार मुअल्लिम होता. साधारण तेवीस दिवसांत मलबारचा किनारा दिसला. हा मुअल्लिम इब्न माजिद होता असे पुष्कळ ठिकाणी छापलेले असते, पण आता बहुतेक इतिहासकार ते मानत नाहीत. पोर्तुगीज नोंदी गुजरातच्या माणसाकडे बोट दाखवतात. परतताना मात्र गामाने वाऱ्याची वाट पाहिली नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला, ईशान्येचे वारे नीट सुरू होण्याआधीच, तो गोव्याच्या दक्षिणेकडील अंजदीव बेटावरून निघाला. आफ्रिकेचा किनारा दिसायला २ जानेवारी उजाडला. तेवीस दिवसांच्या वाटेला तीन महिने लागले आणि सुमारे तीस खलाशी हिरड्या सुजून, सडून मेले. तोच समुद्र आणि तीच जहाजे.

पूर्व-पश्चिमेचे कोडे अठराव्या शतकात सुटले ते घड्याळाने. निघाल्या बंदराची वेळ दाखवणारे अचूक घड्याळ जवळ असेल, तर इथली दुपार आणि तिथली दुपार यांतला फरक मोजायचा. एका तासाला १५ अंश. आजचा जीपीएसही मुळात घड्याळच आहे. उपग्रह वेळ सांगतात आणि ती पोहोचायला किती उशीर झाला यावरून फोन अंतर काढतो. चार उपग्रह दिसले की जागा पक्की. एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तर अंतर ३०० मीटरने चुकते.

ही सोय सर्वांना खुली होण्यामागे आकाशातली एक दुर्घटना आहे. १ सप्टेंबर १९८३ रोजी अलास्काहून सोलला निघालेले दक्षिण कोरियाचे बोइंग ७४७ वाट सोडून सोव्हिएत हद्दीत शिरले आणि लढाऊ विमानाने ते पाडले. २६९ माणसे गेली. पुढच्या तपासाचा निष्कर्ष असा की, ठरलेल्या मार्गावर नेणारी यंत्रणा विमानात असूनही स्वयंचलित सुकाणू फक्त होकायंत्राची एक दिशा धरून राहिले होते. पाच तासांहून अधिक काळ विमान थोडे थोडे सरकत गेले आणि कुणाच्या ध्यानात आले नाही. मुअल्लिम पाण्यात साप शोधी, तशी दुसरी साक्ष त्या रात्री कुणी काढली नाही. त्यानंतर अमेरिकेने आपल्या लष्कराची ही प्रणाली नागरी वापराला देण्याची घोषणा केली.

आता घरात येऊ. नव्या घरात गेल्यावर दोघांनी दोन फोनवर किबला पाहिला आणि दोन दिशा निघाल्या, असे पुष्कळांच्या बाबतीत होते. कारण साधे आहे. उपग्रह जागा सांगतो, तुमचे तोंड कुठे आहे ते सांगत नाही. त्यासाठी फोनमध्ये चुंबकावर चालणारे बारीक होकायंत्र असते. लोखंडी कपाट, सळईचा खांब, चुंबकाचे कव्हर, यांतले काहीही जवळ असले की ते बहकते.

शिवाय किबला म्हणजे सरळ पश्चिम, हा आपल्याकडचा समजही तपासण्यासारखा आहे. मक्का आणि नागपूर जवळपास एकाच अक्षांशावर, २१ अंशांच्या थोडे वर. तरीही नागपूरचा किबला पश्चिमेपासून सुमारे ८ अंश उत्तरेकडे झुकतो, मुंबईचा सुमारे १०. पृथ्वीच्या गोलावर नागपूर ते मक्का दोरा ताणून पाहा, तो उत्तरेकडे फुगलेला दिसेल. थोड्या फरकाने नमाजला बाधा येत नाही असे आलिम सांगतात, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. पण अल-बिरूनीने गझनीचा किबला काढण्यासाठी १०२५ साली अख्खा ग्रंथ पूर्ण केला आणि उत्तर एकाहून अधिक रीतींनी पडताळले. आपण निदान एकदा तरी पडताळायला काय हरकत आहे?

त्याला फोन लागत नाही. दरवर्षी २७ किंवा २८ मे रोजी आपल्या घड्याळाने दुपारी २ वाजून ४८ मिनिटांनी आणि १५ किंवा १६ जुलैला २ वाजून ५७ मिनिटांनी सूर्य काबागृहाच्या बरोबर डोक्यावर असतो. एखादा दिवस पुढेमागे झाला तरी चालते. जुलैत आपल्याकडे ढग असतात, तेव्हा मेचीच तारीख धरा. गच्चीवर गवंड्याचा ओळंबा टांगा, वारा असेल तर काठी सरळ रोवा. त्या मिनिटाला पडलेल्या सावलीवर मुलांना खडूने रेघ मारायला सांगा. सावलीच्या टोकाकडून काठीच्या बुडाकडे जाणारी ती रेघ म्हणजे तुमच्या घराचा किबला. तीच दिशा मोजून खाली नमाजच्या खोलीत उतरवा, आणि मग हवे तर फोन काढून तिच्याशी ताडून पाहा.